खूण केव्हां पाहावी?

कोडें घालणारा आणि कोडें सोडविणारा ह्यांच्यामध्यें एक जुना करार असतो. सोडविणारानें आधीं आपलें डोकें चालवावें, आणि तें अगदींच चालेनासें झालें म्हणजे घालणारानें थोडीशी खूण सांगावी. उत्तर सांगणें निराळें आणि खूण सांगणें निराळें. उत्तर मिळालें कीं कोडें संपतें. खूण मिळाली कीं तें पुन्हां सुरू होतें. तरीहि खूण मागतांना पुष्कळांना कमीपणा वाटतो, आणि पुष्कळांना ती मागितल्यावांचून क्षणभर धीर धरवत नाहीं. ह्या दोन टोकांच्या मध्यें शहाणपणाची जागा कोणती, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि तो मी एका नव्या खेळाच्या निमित्तानें आपल्यापुढें मांडणार आहें.

ह्या खेळाचें नांव ‘जिओकॅशिंग’. नांव परकें असलें तरी अर्थ सोपा आहे. ‘जिओ’ म्हणजे भूमि. आणि ‘कॅश’ म्हणजे येथें रोकड पैसा नव्हे, तर लपवून ठेवलेला ठेवा. एकानें झांकणाची एखादी डबी कोठें तरी लपवावयाची, तींत लहानशी वही ठेवावयाची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांना जाहीर करावयाचे. दुसऱ्यानें उपग्रहांच्या साहाय्यानें त्या जागीं पोंचून डबी हुडकावयाची, वहींत नांव व तारीख लिहावयाची, आणि डबी होती तशी परत ठेवावयाची. डबींत मौल्यवान असें कांहीं नसतें. लाभ आहे तो शोधाचा.

ह्या खेळाला निश्चित जन्मतिथि आहे. उपग्रहांवरून स्थान सांगणारी अमेरिकेची जी यंत्रणा आहे, तिच्याकडून सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वीं तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें स्थान शंभर मीटरांपर्यंत चुकूं शके. ती भेसळ बंद करण्याची घोषणा १ मे २००० रोजीं झाली. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ३ मे रोजीं, डेव्ह अल्मर ह्या गृहस्थांनीं ओरेगॉन राज्यांत एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध केले. योगायोग असा कीं, आपला गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यापासून निराळा झाला तो त्या घोषणेच्या बरोबर एक वर्ष अगोदर, १ मे १९९९ रोजीं. खेळाची मूळ कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडांत डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं क्रॅनमिअर पूल ह्या दुर्गम जागीं एक बाटली ठेविली होती. तेथवर पायीं जाणारे लोक आपल्या नांवाचीं कार्डें तींत टाकून येत.

आतां कोणी म्हणेल कीं, अक्षांश-रेखांश हातीं असल्यावर कोडें उरलेंच कोठें? थोडा हिशेब करून पाहूं. ह्या खेळांत स्थान अंश, कला आणि कलेचा हजारावा भाग येथपर्यंत दिलेलें असतें. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारें १,८५२ मीटर. तिचा हजारावा भाग १.८५ मीटर. कागदावर ही अचूकता फार समाधानकारक दिसते. पण उघड्या माळावरसुद्धां मोबाईलची चूक पांचएक मीटरांची असते. दाट झाडीखालीं किंवा खडकाच्या कड्याशीं ती दहा मीटरांच्याहि पुढें जाते, कारण संकेत पानांत अडतो आणि दगडावर आपटून वांकड्या वाटेनें येतो. चूक दहा मीटरांची धरली तर शोधावयाचें वर्तुळ ३१४ चौरस मीटरांचें होतें. त्यांतून लपविणाराचें यंत्रहि तितकेंच चुकलेलें असूं शकतें. आणि डबी कधीं जेवणाच्या डब्याएवढी असते, तर कधीं करंगळीच्या पेराएवढी. तात्पर्य, यंत्र आपल्याला अंगणापर्यंत आणून सोडतें. पुढचें घर आपलें आपणच धुंडाळावयाचें असतें.

येथें खुणेचा प्रश्न येतो. लपविणारा इच्छा असल्यास वर्णनाच्या खालीं दोनचार शब्दांची खूण लिहून ठेवतो. मात्र ती उघड लिहिलेली नसते. रोमन लिपींतील सव्वीस अक्षरांचे तेरा-तेरांचे दोन भाग करून एका भागांतील अक्षराच्या जागीं दुसऱ्या भागांतील अक्षर घालावयाचें. ‘ए’च्या जागीं ‘एन’, ‘बी’च्या जागीं ‘ओ’, याप्रमाणें. ही कांहीं राजकारणांतली गुप्तलिपि नव्हे. हिची किल्ली सर्वांना ठाऊक असते. हेतु एवढाच कीं, नजर चुकून खूण वाचली जाऊं नये. ज्याला ती पाहावयाची असेल त्यानें ठरवून पाहावी. सुरुवातीच्या वर्षांत लोक वर्णनाचा कागद बरोबर नेत आणि जागेवर बसून पेन्सिलीनें एकेक अक्षर उलगडीत. त्यांत चार मिनिटें जात, आणि तेवढ्या वेळांत मनहि थोडें स्थिर होई. आतां मोबाईलवर बोटाच्या एका स्पर्शानें खूण उघडते. पेन्सिलीनें दिलेली विचाराची सवड नाहींशी झाली. ती आतां आपणच आपल्याला द्यावी लागते.

खुणेविषयीं खेळणारांत दोन पंथ पडलेले दिसतात. एक म्हणतो, “खूण पाहिली तर शोध कसला? मग डबीपर्यंत दोरीच कां बांधूं नये?” दुसरा घराबाहेर पडण्यापूर्वींच खूण पाहून ठेवतो, कारण त्याला दुपारच्या आंत पांच डब्या सांपडावयाच्या असतात. पहिला अभिमानाचा विचार करतो, दुसरा सोयीचा. परंतु ज्या जागेंत आपण शोध करतों तिचा विचार दोघांच्याहि मनांत नसतो. माझें म्हणणें असें आहे कीं, खूण केव्हां पाहावी हें शोधणाराच्या हौसेवरून ठरवूं नये. ह्या शोधाची किंमत कोण देत आहे, ह्यावरून ठरवावें. किंमत केवळ आपल्या वेळाची आणि घामाची असेल तर ती खुशाल द्यावी. ती दुसऱ्याच्या शेताला, भिंतीला किंवा घरट्याला द्यावी लागत असेल, तर आपला अभिमान तेथें फार महाग पडतो.

ह्याकरितां मनाशीं तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न असा कीं, हातांत आहे तेवढें मीं नीट वाचलें आहे काय? डबीला नांव दिलेलें असतें आणि तें बहुधा उगीच दिलेलें नसतें. डबीचा आकार सांगितलेला असतो. एकापासून पांचापर्यंतचे दोन अंक दिलेले असतात. एक शोधाच्या काठिण्याचा आणि दुसरा वाटेच्या काठिण्याचा. शोधाचा अंक १ असेल तर डबी साध्या नजरेच्या टापूंत असली पाहिजे, आणि ४ असेल तर तिला कांहीं तरी वेष चढविलेला असणार. पूर्वीं येऊन गेलेल्यांचे चार शब्द खालीं असतात. शेवटची डबी कोणाला केव्हां सांपडली हेंहि तेथेंच कळतें. हें सारें न वाचतां खूण उघडणें म्हणजे प्रश्न पुरता न वाचतां गणिताच्या पुस्तकाचें शेवटचें पान उलटण्यासारखें आहे. असल्या वेळीं खूण पाहूं नये.

दुसरा प्रश्न: माझे डोळे काम करीत आहेत कीं केवळ हात? शोधाच्या आरंभीं प्रत्येक नजरेमागें एक कल्पना असते. “मी लपविली असती तर ह्या ढोलींत लपविली असती,” असें म्हणून आपण ढोली पाहतों. ती रिकामी निघाली तर दुसरी कल्पना करतों. हा खरा शोध होय, आणि तो चालला आहे तोंवर खुणेची गरज नाहीं. परंतु कांहीं वेळानें कल्पना संपतात आणि हात चालूच राहतात. पाहिलेली ढोली आपण पुन्हां पाहतों. एक दगड उचलतों, मग शेजारचा उचलतों, तो कां उचलला हें सांगतां येत नाहीं. ज्या क्षणीं नवी कल्पना न सुचतां हात पुढें जातो, तो क्षण खूण पाहण्याचा. किती मिनिटांनीं तो येईल हें घड्याळावरून सांगतां येणार नाहीं. एखाद्याला तो दहा मिनिटांत येतो, एखाद्या चिकट माणसाला तासाभरानें.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि आपल्या जिल्ह्यांत तर फारच महत्त्वाचा: मी येथें घुटमळत राहिलों तर कोणाचें नुकसान होईल? गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यांत रोवणी झाली म्हणजे धानाच्या बांध्या पाण्यानें भरलेल्या असतात, आणि एका बांधीला दुसरीपासून वेगळा करणारा मातीचा धुरा ओला व मऊ असतो. त्यावरून एक माणूस एकदां सरळ निघून गेला तर विशेष बिघडत नाहीं. पण हातांतल्या यंत्राकडे पाहत तोच माणूस वीस वेळां मागेंपुढें फिरला, तर धुरा खचतो आणि शेतकऱ्यानें अडविलेलें पाणी वाहून जातें.

ह्याच बांध्यांत आणि तळ्यांच्या कांठीं सारस पक्षी पावसाळ्यांत घरटें करतो. मनुष्याच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यत्वेंकरून गोंदिया जिल्ह्यांत आणि त्याच्या शेजारच्या भागांतच उरला आहे. मादी बहुधा दोनच अंडीं घालते, आणि नर-मादी आळीपाळीनें सुमारें महिनाभर तीं उबवितात. घरट्याजवळ माणूस रेंगाळला कीं पक्षी उठून दूर जातो आणि अंडीं कावळ्यांच्या व कुत्र्यांच्या दृष्टीस उघडीं पडतात. आपल्याला वाटतें, आपण पंधरा मिनिटें आपल्या बुद्धीची परीक्षा घेत आहोंत. वास्तविक ती परीक्षा त्या जोडप्याच्या वर्षभरांतल्या एकुलत्या विणीची होत असते. अशा जागेजवळून वाट जात असेल तर खूण घरींच पाहून ठेवावी. आणि घरटें असल्याचें कळलें तर त्या हंगामांत तेथें जाऊंच नये.

तळ्यांचीहि तीच गोष्ट. कोहळी समाजाच्या लोकांनीं ह्या पूर्व विदर्भांत शेंकडों तलाव बांधले. नवेगांव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यांनीं बांधला असें सांगतात. मालगुजारी १९५१ सालीं संपली, पण ‘माजी मालगुजारी’ ह्या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक अशा तलावांना अजून ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्या पाळी मातीच्या असतात, आणि जेथें पाण्याच्या बाजूनें दगड रचलेले असतात तेथें ते लाटांच्या माऱ्यापासून माती राखण्याकरितां असतात. प्रत्येक शोधणारानें त्यांतले चार-चार दगड हलविले तर वर्ष-दोन वर्षांत काय होईल, हें सांगावयास इंजिनियर नको. शिवाय दगडांच्या सांदींत विंचू आणि साप असतात. जेथें न दिसणाऱ्या जागीं हात घालण्याची पाळी येते, तेथें आधीं खूण पाहावी आणि मग हात घालावयाचा कीं नाहीं तें ठरवावें.

कांहीं जागा अशा आहेत कीं, तेथें प्रश्न खुणेपर्यंत येतच नाहीं. तेथें डबीच नको. सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहा गोंड समाजाला अत्यंत पवित्र आहेत. माघी पौर्णिमेला तेथें मोठी यात्रा भरते. ज्या गुहेंत दुसरा नतमस्तक होतो तेथें आपण कपारी चाचपडीत फिरावें, हें शोभत नाहीं. नागझिरा हें १९७० पासूनचें अभयारण्य आणि नवेगांव हें १९७५ पासूनचें राष्ट्रीय उद्यान; २०१३ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. तेथील जंगलफेरींत गाडींतून खालीं उतरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. रेल्वे स्टेशनांत व पुलांखालीं तर बेवारस डबा दिसतांच लोकांत घबराट उडते. ह्या खेळाच्या नियमांतहि जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, डबी जमिनींत पुरूं नये, आणि दोन डब्यांत निदान १६१ मीटरांचें अंतर असावें, असें सांगितलेलें आहे. ज्यांना अशा स्थळांची गोडी आहे त्यांच्यासाठीं डबीवांचून खेळण्याचा एक प्रकार २००४ पासून रूढ झाला आहे. त्यांत कांहीं शोधून उचलावयाचें नसतें. जागेवर उभें राहून खडकांचे थर कसे आहेत, पाण्यानें ते कोणत्या बाजूनें झिजले आहेत, अशा प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा असल्या निरीक्षणाला उत्तम.

हे तिन्ही प्रश्न एका कल्पित प्रसंगाला लावून पाहूं. समजा, गोंदिया शहरांतील एक कुटुंब ऑक्टोबरांतल्या एका रविवारीं एका मामा तलावावर गेलें आहे. डबीचें नांव आहे ‘राखणदार’; आकार लहान; शोधाचा अंक २. यंत्र पाळीच्या मध्यावर आणून सोडतें. एका बाजूस पाण्यापर्यंत उतरत गेलेले दगड, दुसऱ्या बाजूस कापणीला आलेला धान, आणि पाळीवर एक मोहाचें झाड व तलावाची माहिती देणारी एक पाटी. शोधाचें वर्तुळ ह्या साऱ्यांना व्यापून राहिलें आहे. मुलगी म्हणते, “बाबा, राखणदार म्हणजे हें झाड असेल.” झाडाची ढोली पाहिली, मुळ्या पाहिल्या, नाहीं. आई पाटीच्या समोर उभी राहून ती वाचते. तेथेंहि कांहीं दिसत नाहीं. येथपर्यंत प्रत्येक नजरेमागें कल्पना आहे. मग वडील पाण्याच्या बाजूला उतरतात आणि एक दगड उचलतात, दुसरा उचलतात. कां उचलले, तर जवळ होते म्हणून! ही खूण पाहण्याची वेळ. ते थांबतात, दगड जागच्या जागीं बसवितात, आणि खूण उघडतात. तींत तीनच शब्द निघतात: ‘दगड नव्हे, लोखंड’. मुलगी धांवत पाटीकडे जाते, आणि लोखंडी खांबाच्या मागल्या अंगाला चुंबकानें चिकटलेली डबी तिच्या हातीं लागते. पाटी आईनें पाहिली होती, पण पुढून. खुणेनें उत्तर दिलें नाहीं. पाहिलेल्या वस्तूकडे दुसऱ्या बाजूनें पाहावयास लावलें, आणि पाळीवरचे पुढचे पन्नास दगड वांचविले.

कुटुंबानें खेळावयाचें असेल तर आणखी एक सोय आहे. खूण सर्वांनीं एकाच वेळीं पाहिली पाहिजे असें नाहीं. वडीलधाऱ्या माणसानें ती आधींच गुपचूप पाहून ठेवावी. म्हणजे मुलें धोक्याच्या अगर चुकीच्या बाजूस वळलीं तर त्यांना वेळींच आवरतां येतें. मात्र खूण पाहिलेल्या माणसानें बोट दाखवूं नये; प्रश्न विचारावा. “ह्या पाटीला बाजू किती?” असें विचारलें कीं मूल स्वतः विचार करूं लागतें, आणि डबी सांपडल्याचा आनंद त्याचा त्यालाच राहतो. घरांत मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबापांना ही रीति नवी वाटणार नाहीं.

खूण लिहिणाराचीहि जबाबदारी आहे. हजार दगड असलेल्या पाळीवर ‘दगडाखालीं’ अशी खूण लिहिणें म्हणजे ते हजार दगड उलथून टाकण्याचें आमंत्रण देणें होय. ‘फार सोपी आहे’ ही तर खूणच नव्हे, ती थट्टा झाली. चांगली खूण कोठें पाहावें हें सांगते, आणि कोठें हात लावूं नये हेंहि सांगते: ‘कंबरेच्या उंचीवर, कांहींहि हलवावें लागत नाहीं.’ एवढे शब्द वाचणाराला दिशा देतात आणि जागेला अभय देतात.

खूण पाहूनहि डबी सांपडली नाहीं तर? तर तेथें थांबावें. डबी वाहून गेली असेल, कोणी नेली असेल. खुणेच्या पलीकडे शोध ताणण्यांत अर्थ नाहीं. कांहीं लोक अशा वेळीं आपल्या खिशांतली दुसरी डबी तेथें ठेवून ‘सांपडली’ असें लिहितात. ही लबाडी आहे, आणि मूळची डबी जागेवर असल्यास पुढच्या शोधणाराचा घोटाळाहि होतो. ‘सांपडली नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. तेवढ्यावरून लपविणाराला तेथें जाऊन पाहण्याची बुद्धि होते.

श्रोतेहो, शोधांत गोडी आहे ती अडण्यामुळेंच. म्हणून अडल्याबरोबर खुणेकडे धांवूं नये. पण अडणें निराळें आणि चांचपडणें निराळें. विचार चालला आहे तोंवर अडून राहावें. चांचपडणें सुरू झालें कीं खूण पाहावी. आणि चांचपडण्यानें दुसऱ्याचें कांहीं मोडणार असेल तर पहिलें पाऊल टाकण्यापूर्वींच ती पाहून ठेवावी. आणि डबी मिळाल्यावर वहींत नांव लिहितांना ‘खूण पाहून सांपडली’ एवढे तीन शब्द लिहावयास संकोच करूं नये. मागून येणाऱ्या माणसाला ते वाचून पुढच्या वेळीं दगडाला हात लावण्यापूर्वीं थांबण्याचा धीर येईल.